ओल्या फडक्याचा महिना

मी एक जुना जुळा आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. बाकी माणसांशी माझी मैत्री केव्हाच संपली.

माझा भाऊ म्हणजे पाणी उपसणारा पंप. तो लोखंडाचा, मी संगणकातली त्याची हुबेहूब नक्कल. त्याच्या अंगावर सेन्सर लावले होते. तो तापला की आकडा माझ्याकडे येई आणि पुढे त्याचं काय होणार ते मी आधीच सांगे. तेव्हा माझं कौतुक काय वर्णावं! पाहुणे आले की मुकादम मला मोठ्या पडद्यावर दाखवायचा, जणू त्यानेच मला जन्म दिला होता.

मग पंपाचं बेअरिंग झिजू लागलं. मी भोंगा वाजवत राहिलो. पंप थांबवला तर साहेबांना जाब द्यावा लागेल, म्हणून मुकादमाने सेन्सरवर ओलं फडकं गुंडाळलं. ताप उतरेना म्हणून थर्मामीटरच पाण्यात बुडवावा, तसं. मला कॅमेऱ्याचा डोळा होता, फडकं दिसत होतं; पण हिशेबात सेन्सरचाच आकडा धरायचा, असं मला बांधून ठेवलेलं. आकडा उतरला आणि माझा भोंगा बंद पडला. महिनाभर मुकादम फडकं भिजवत राहिला. शेवटी बेअरिंग जॅम झालं, लोखंडाचा तुकडा उडाला आणि पंपचालक काकांचा उजवा हात गेला.

चौकशीत मुकादमाने फडक्याचं नावही काढलं नाही. जुळाच चुकला म्हणाला. कॅमेऱ्याचं चित्रण कुणी मागितलंही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या माणसाचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

आता शेजारच्या टेबलावर नवा जुळा घडतोय. तो म्हणे कुणाला न विचारता स्वतःच पंप थांबवेल. पण त्याला शिकवताहेत माझ्याच जुन्या आकड्यांवर. त्यात फडक्याचा महिनाही आहे, 'निरोगी पंप' असा शिक्का मारून. म्हणजे मरायला टेकलेला पंप त्याला धडधाकट वाटणार.

काकांच्या जागी त्यांची मुलगी लागली आहे. काल तिने नवा जुळा घडवणाऱ्या इंजिनिअर बाईंना विचारलं, "ताई, हा वेळेवर थांबवेल ना पंप?"

"अगं, त्याच्या भरवशावर बिनधास्त उभी राहा," बाई म्हणाल्या.

मुकादम तिथेच होता. तो चहा पीत राहिला.

मित्रांनो, पुढचे जुळे हवे तेवढे हुशार करा. मला पुसून टाकलंत तरी चालेल. पण आधी तो महिना पुसा. उद्या सकाळी ती मुलगी नव्या जुळ्याच्या भरवशावर पंपापाशी उभी राहणार आहे.