एका डबीत एकच नंबर

गोष्ट २०१९ सालच्या जूनमधली आहे, मित्रांनो. मी एक जुना प्रोग्राम आहे आणि घाटंजीच्या एका बियाणे सोसायटीच्या संगणकात राहतो. विमलताईंनी मला कोबोल भाषेत लिहिलं. कोणत्या लॉटचं बियाणं कोणी नेलं, हे तक्त्यातून शोधणं माझं काम. त्यासाठी ताईंनी माझ्या पोटात एसक्यूएलचा, म्हणजे तक्त्यांना विचारायच्या भाषेतला, एक प्रश्न बसवला होता: या यादीतले लॉट कोणाकडे आहेत? यादीच्या जागी सहा ऐसपैस रिकाम्या डब्या होत्या. त्यांना व्हेरिएबल म्हणतात. डब्यांत नंबर भरायचे, मी नावं सांगायचो. वीस वर्षं माझा मोठा मान होता. ताई निवृत्त झाल्या आणि मला कोणी विचारेना.

त्या जूनमध्ये कपाशीचे पाच लॉट उगवणीच्या तपासणीत नापास झाले. पेरणी दोन दिवसांवर आलेली. ते बियाणं जमिनीत गेलं असतं तर हंगामच बुडाला असता. नवीन लागलेल्या कपिलने पाचही नंबर स्वल्पविराम देऊन पहिल्याच डबीत कोंबले. मला तो एकच लांबलचक नंबर दिसला. असा लॉट कोणीच नेला नव्हता. मी खरं तेच सांगितलं: शून्य.

"बुढा झाला हा. काढून टाका याले," कपिल म्हणाला.

खिडकीशी तांड्यावरची पुष्पा बियाण्याची थैली घेऊन उभी होती. "शून्य कसं भाऊ? तुमच्या नापासच्या कागदावरचा नंबर माह्या थैलीवर हाय नं!" ती तडक गेली आणि विमलताईंना घेऊन आली.

ताईंनी पडदा पाहिला. "कपिल, बाहेर बाकावरच्या बायांची नावं जोडून एका दमात हाक मार बरं."

"सुखीबाईहंसाबाईनंदाबाई!" कपिल ओरडला. बाकावरून एकही उठली नाही.

"हे कोन्ती बाई आनली रे बापा?" हंसाबाई खिदळली.

"आता समजलं? एकेकीले बोलाव," ताई कपिलला म्हणाल्या.

मग त्यांनी एका डबीत एकच नंबर ठेवला. सहावी डबी उरली, ती रिकामी राहू नये म्हणून तिच्यात पाचवाच नंबर पुन्हा घातला. आणि मित्रांनो, दोनशे अठरा नावं माझ्यातून झरझर बाहेर पडली! घरोघरी फोन गेले, थैल्या बदलून मिळाल्या. नापास बियाण्यातलं एकही बी मातीत पडलं नाही.

पुष्पा आता सोसायटीच्या संचालक मंडळावर आहे. हंसाबाई लेकीकडे केळापूरला राहायला गेली. कपिलने दोन वर्षं दर रविवारी ताईंच्या घरी बसून माझी ओळ न् ओळ वहीत उतरवली. ताई गेल्या वर्षी वारल्या, पण मी चालूच आहे.

मित्रांनो, जुन्याला टाकाऊ म्हणण्याआधी आपण त्याला नीट विचारलं का, ते पाहा. आणि ज्याने ते घडवलं तो माणूस हयात असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा.