माझ्या डोळ्यावरची लाल टोपी

मित्रांनो, महाडच्या बाजारपेठेमागे आसियाभाभीचे घर आहे. तिथल्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्या डब्यात, बटणे आणि दोऱ्याच्या रिळांशेजारी, मी पडून असतो. मी एक जुना वेबकॅम. मुठीएवढा देह, एक डोळा, एक बारीकसा कान आणि मागे लांब तार. आता तुमच्या खिशातल्या फोनलाही डोळा असतो, तेव्हा माझे कौतुक तुम्हाला वाटणार नाही. पण एके काळी माझ्यासमोर बसायला पोलादपूरहून बायका एसटीने येत असत.

२००३ साली सोहेलभाईने मला मुंबईहून आणले आणि पुढच्याच आठवड्यात तो नोकरीसाठी कतारला गेला. मागे राहिली त्याची बायको आसिया, तीन संगणक आणि मी. घराच्या पुढच्या खोलीत भाभीने सायबर कॅफे थाटला. दुपारी दोन ते पाच फक्त बायकांची वेळ. त्या वेळेत पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही, मग तो सख्खा सासरा का असेना. मला तिने आतल्या कोपऱ्यात, कोयऱ्यांच्या नक्षीच्या पडद्यामागे बसवले.

सुरुवातीला बायका मला बिचकत. माझा उघडा डोळा दिसला की उगाच पदर सावरत, ओढणी ओढत. ते पाहून भाभीने लाल लोकरीची एक टोपी विणली आणि माझ्या डोळ्यावर चढवली. नियम असा, की जी खुर्चीत बसेल तिनेच टोपी काढायची आणि उठताना तिनेच घालायची. दुसरीने हात लावायचा नाही. भाभीसुद्धा लावत नसे. त्या टोपीची मला इतकी ऐट होती म्हणून सांगू! आसपासच्या कुठल्या वेबकॅमला टोपी होती?

काय दिवस होते ते! चित्र अडखळत यायचे, बोलणे अर्ध्यावर तुटायचे, तरी बायका हसत बसायच्या. बनुबाई तर दर मंगळवारी यायची. ती मूळची कुडपणची, पण मुलाने महाडला दोन खोल्या बांधल्यापासून इथेच राहायची. मुलगा सदू कतारमध्ये गाडी चालवायचा. एकदा तिने नाचणीची भाकरी आणली आणि माझ्या डोळ्याला जवळजवळ चिकटवली. तिकडून सदू म्हणाला, "आये, भाकरी मागं घे, तू दिसत नायस." ती हसली, आणि मग पदरात तोंड घालून रडली. मला तो मंगळवार अजून आठवतो.

२००६ साली तुळजाबाई आली. तिशी ओलांडलेली, पोलादपूरकडची. पनवेलच्या एका बारमध्ये ती नाचायची. सरकारने बारमधले नाच बंद केले तशी ती परतली आणि बनुबाईच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागली. तिने भाभीला आडपडदा न ठेवता सांगितले, की मुंबईची एक कंपनी आहे, दूरदेशीचे पुरुष बायकांशी बोलायला, त्यांना बघायला पैसे देतात, आणि त्यासाठी आपल्याला रोज एक तास हा कोपरा हवा आहे.

भाभीने दोन दिवसांची मुदत मागून घेतली. तिला हे काम पसंत नव्हते, दुकानाच्या नावाचीही धास्ती होती. पण बायकांसाठीच थाटलेल्या दुकानात एका बाईला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे, हेही तिला कळेना. शेवटी तिने होकार दिला, पण मनापासून नव्हे. त्या तासात मी काय पाहिले ते सांगणार नाही, मित्रांनो. ते तुळजाबाईचे आहे. एवढेच सांगतो, की टोपी ती स्वतः काढायची, स्वतः घालायची, आणि घातल्यावर लगेच उठायची नाही, खुर्चीची करकर मला उशिरा ऐकू यायची.

प्रियदर्शिनीताईला हे कळले तेव्हा ती तडक आली. ती कॉलेजात संगणक शिकवायची आणि दर मार्चला चवदार तळ्यावर जमणाऱ्या गर्दीला पाणी देत दिवसभर उन्हात उभी असायची. तिचे म्हणणे होते, की बाकीची दारे बंद असताना उरलेल्या एका दारातून जाणे ही निवड नव्हे, आणि ज्या बाजारात बाई विकत बघितली जाते तो बाजार सगळ्याच बायकांना स्वस्त करतो. तिने शिवणवर्गात जागा देऊ केली. तुळजाबाई म्हणाली, "ताई, नाचले तवा कुनी इचारलं नाय, आता समदी इचारतात. ठरवायचं मी ना?" दोघींचे पटले नाही. दोघींचेही मला खरे वाटत होते आणि मी फार गोंधळलो होतो.

मग पुढच्या वर्षी तुळजाबाईचे चित्र बाजारात फिरू लागले. पानाच्या गादीवर, रिक्षा स्टँडवर, या फोनवरून त्या फोनवर. बनुबाईने तिला निरोप धाडला, की रविवारपर्यंत खोली रिकामी कर. महाड सोडले तर तिला जायला जागा नव्हती. गावी भाऊ दारात उभा करत नव्हता.

भाभीने ते चित्र पाहिले आणि मागच्या कोयऱ्या ओळखल्या. तो आपलाच पडदा. तिने प्रियदर्शिनीताईला बोलावले. ताईने दुपारभर संगणक धुंडाळला आणि तिला सापडले. संगणक दुरुस्तीला सकाळी येणारा विनीत, गोड बोलणारा, त्याने आत काहीतरी बसवून ठेवले होते. टोपी निघाली की जे दिसेल ते साठत जायचे आणि दुरुस्तीला आला की तो घेऊन जायचा. मित्रांनो, मी शरमेने मेलो. टोपी माझ्या डोळ्यावर होती, पण तारेवर कुठे होती? आम्ही सगळेच त्या टोपीच्या भरवशावर राहिलो.

आणि त्यात एकटी तुळजाबाई नव्हती. अकरा बायका होत्या. नवऱ्याला तान्हे बाळ दाखवणारी होती, आजारी बापाशी बोलणारी होती. भाकरी धरून रडणारी बनुबाई होती. तिचे रडणे विनीतने स्वतःच्या दुकानात लावले होते आणि पोरे हसली होती. ताईने बनुबाईला ते दाखवले. तिने ते शेवटपर्यंत पाहिले.

तुळजाबाई एकटी पोलिसांत गेली तर तिच्यावरच उलटेल, म्हणून ताईने सगळ्यांना गोळा केले. शनिवारी त्या निघाल्या. पुरावा म्हणून मलाही भाभीच्या पिशवीतून नेले. डोळ्यावर टोपी होती, त्यामुळे पुढचे मी फक्त ऐकलेले सांगतो.

हवालदाराने विचारले, तक्रार कोणाची? तुळजाबाईच्या बांगड्या हलल्या आणि थांबल्या. मग बनुबाईचा आवाज आला.

"माजी लिवा आदी. मी माज्या पोरासाठी रडले, ते त्यानं चोरलंन आन् चार लोकांत दावलंन. आता हिची लिवा."

हवालदार म्हणाला, "मावशी, हिची गोष्ट निराळी आहे."

"चोरी निराळी कशी? हिनं टोपी काढली ती हिच्या गिऱ्हाइकासाठी. त्या चोरासाठी नाय काढली."

खोलीत कोणी तरी खाकरले. मग कागदावर पेन चालू लागले आणि अकरा सह्या होईपर्यंत थांबले नाही.

परतताना बनुबाई तुळजाबाईला एवढेच म्हणाली, "सामान बांधलं असशील तर सोड परत." माझ्या आयुष्यात मी ऐकलेले ते सगळ्यात चांगले वाक्य.

विनीतचे दुकान बंद झाले. खटला रेंगाळला. फिरलेली चित्रे मात्र कोणालाच गोळा करता आली नाहीत, हे खरे ते सांगतो. ताई आणि तुळजाबाई पुढेही भांडत राहिल्या, फक्त आता भाभीच्या हातचा चहा पीत. ताईचे मत बदलले नाही, तुळजाबाईचेही नाही.

२००९ साली कॅफे बंद झाला. ज्याच्या त्याच्या हातात फोन आले, मला कोण विचारतो? शेवटच्या दुपारी शेवटचा तास तुळजाबाईचा होता. ती उठली, तिने माझ्या डोळ्यावर टोपी घातली आणि बोटाने नीट बसवली. भाभीने विचारले, आता पुढे काय करशील? ती म्हणाली, "ठरवीन मी."

मित्रांनो, फोनच्या डोळ्याला टोपी नसते. म्हणून समोरच्या माणसाला आधी विचारा आणि नाही म्हटले तर हात खाली घ्या. आणि कधी भाभीचा हा डबा उघडलात, तर माझी टोपी काढू नका. ती तुळजाबाईने घातली आहे.