शिवणीतली ओटी

मंदाताईंनी पर्समधून प्लास्टिकची एक छोटी पिशवी काढली आणि कटिंगच्या टेबलावर, सुनंदाच्या कात्रीशेजारी ठेवली. पिशवीत एक हळकुंड, एक सुपारी आणि तांब्याचा एक जुना पैसा होता.

"हे काय आहे, सुनंदा?"

सुनंदाच्या हातातला खडू हातातच राहिला. मंदाताई एव्हाना टोरांटोला लेकीच्या घरी असायला हव्या होत्या. अंतराचं बाळंतपण जेमतेम तीन आठवड्यांवर आलेलं. आणि या इथे, नई सडकवरच्या या टीचभर दुकानात, अंगावर शाल लपेटून उभ्या! ग्वाल्हेरच्या मे महिन्यात शाल पाहूनच सुनंदाने काय ते ओळखलं. शालीखाली काय नाही, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सुनंदाचं दुकान ब्लाउजचं. पण कंपू भागातल्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सबाई अधूनमधून तिच्याकडे कुणाकुणाला पाठवायच्या. ऑपरेशनमध्ये एका बाजूचा स्तन काढलेल्या बायका. दुकानात आल्या की त्या आधी कापडं चाळत बसायच्या, उगाच भाव विचारायच्या, आणि सगळी गिऱ्हाइकं गेली की मग हळूच बोलायच्या. सुनंदा त्यांना मऊ मलमलीचं पॅड शिवून द्यायची. आत मोहरी भरायची, हातावर वजन तोलायची, आणि ब्लाउजच्या आत ते असं बसवायची की सख्ख्या जावेलाही पत्ता लागू नये. मंदाताईंचं पॅड चार वर्षांपूर्वीचं.

"बसा तर खरं, ताई. पाणी देऊ?"

"पाणी नको. उत्तर दे."

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. त्यांचं 'उत्तर दे' ऐकून सुनंदाला उगाचच पाढे विसरल्यासारखं झालं.

"दिल्लीला एअरपोर्टवर काय झालं, ते तर सांगा आधी."

मंदाताई स्टुलावर टेकल्या. "तिथे नवीन मशीन आहे. काचेच्या कपाटासारखी. आत जाऊन हात वर करून उभं राहायचं. दोन-तीन सेकंद बस. मग बाहेर पडद्यावर बाहुलीसारखी आकृती येते. बाई असो की बुवा, सगळ्यांची एकच बाहुली. जिथे काही सापडेल तिथे पिवळा चौकोन. माझ्या बाहुलीच्या बरोबर छातीवर आला."

"मग?"

"तिथली मुलगी चांगली होती गं. तिची ड्यूटीच ती. म्हणाली, आंटीजी, अंदर कुछ है? मी म्हटलं, काही नाही. तिथेच चुकली मी. मग तिने पडद्यामागे नेलं. मी पॅड काढून दिलं, सांगितलं, राई भरी है. त्यांनी ते सामानाच्या मशीनमधून काढलं, तर मोहरीत पैसा! आणि दोन गाठी. मला विचारलं, ये क्या है? मला काय माहीत? मी म्हटलं, मुझे नहीं मालूम. अगं, स्वतःच्या अंगावर काय आहे, ते मला माहीत नाही! कोण विश्वास ठेवेल?"

"कापलं त्यांनी?"

"मला विचारून कापलं. मीच म्हटलं, काटिए. सगळ्या टेबलावर मोहरी मोहरी झाली. त्या मुलीने हे तिन्ही उचलून पिशवीत घालून दिलं, सॉरी पण म्हणाली, आणि जाऊ दिलं. विमानाला तास होता अजून. पण जाऊ कशी? एक बाजू सपाट, आणि बाहेर तीच सगळी लाईन उभी. मी पदर ओढला नि परत फिरली. अंतराला फोनवर सांगितलं, बीपी वाढलं." त्या थांबल्या. "लेकीशी खोटं बोलली मी, सुनंदा."

सुनंदाने दुकानाचा पडदा ओढून घेतला. खोटं सांगायची सोय नव्हती, आणि तिला सांगायचंही नव्हतं.

"ओटी आहे ती," ती म्हणाली. "तुमची. मी भरली होती."

मंदाताईंची नजर पिशवीवर गेली.

"आमच्या ह्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हापासून माझी ओटी कुणी भरली नाही. ते जाऊ द्या. पण मला पण कुणाची भरता येत नाही ना! भाचीच्या लग्नात मी खणांच्या घड्या घालून देत होती, तर वहिनीने खण हातातून काढून घेतला. प्रेमानेच, हं. म्हणाली, सुनंदा, तू पंगतीकडे बघ." सुनंदा हसली, पण ते काही जमलं नाही. "आणि तुम्ही बायका इथे येता. एवढं सोसून आलेल्या. कुणी विचारत नाही, कुणी जवळ घेत नाही, कारण कुणाला सांगितलेलंच नसतं. मला वाटलं, खण तर मी शिवतेच आहे. शिवणीच्या आत कोण बघतंय? तांदूळ घातले असते, पण त्यांना कीड लागते."

"सगळ्यांना भरतेस?"

"सगळ्यांना."

मंदाताईंनी पिशवी उचलली, प्लास्टिकमधूनच हळकुंड चाचपलं. रागावावं की काय करावं, ते त्यांना कळत नव्हतं, आणि गणित न सुटण्याची त्यांना सवय नव्हती.

"भरलीस त्याचं काही नाही," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला होता. "पण मला सांगायचं होतंस. तिथे विचारलं तेव्हा मान वर करून सांगितलं असतं, मेरी ओटी है. चोरासारखी उभी राहिली मी."

"चुकलं माझं," सुनंदा म्हणाली. खरंच चुकलं होतं. बिचारीने माया केली, पण दुसऱ्याच्या अंगावर, त्याला न विचारता. आणि अशा किती बायका तिच्या शिवणी अंगावर घालून हिंडत होत्या! त्या प्रत्येकीला आता सांगावं लागणार होतं.

"गुरुवारचं तिकीट काढलंय आमच्या मुकुंदरावांनी," मंदाताई म्हणाल्या. "पण मी नाही जात. ते म्हणतात, दुसरं पॅड घे. अगं, नुसत्या कापसाचं घेतलं तरी चौकोन येणारच. ती मुलगी म्हणाली ना, आंटीजी, मशीनला सगळंच दिसतं, तुम्ही आधी सांगितलं असतं तर आडोशाला दोन मिनिटांत झालं असतं."

"मग आधी सांगा."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

मंदाताईंनी शाल घट्ट ओढून घेतली. चार वर्षांत त्यांनी हे नवरा, लेक आणि सुनंदा सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही 'छोटंसं ऑपरेशन' एवढंच. आणि आता परक्या शहरात, भर रांगेत, युनिफॉर्ममधल्या अनोळखी पोरीला सांगायचं?

"तिकडे अंतराजवळ कोण आहे?" सुनंदाने विचारलं.

"कुणीच नाही. जावई आहे. त्याला साधी खिचडी येत नाही."

"उठा," सुनंदा म्हणाली आणि गळ्यातली टेप काढली. "नवीन पॅडचं माप घ्यायचंय. शाल काढा. हात वर."

मंदाताईंनी सवयीने हात वर केले. सुनंदाने टेप लावलीच नाही. ती कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि जाड आवाज काढून म्हणाली, "हां मैडम, अंदर कुछ है?"

"सुनंदा, पोरखेळ करू नकोस."

"मैडम, पीछे लाइन लगी है."

"वो... मेरी तबियत..."

"अशी तबियत सांगितली तर ती डॉक्टर बोलावेल. नीट सांगा."

मंदाताईंचे ओठ हलले. हात वरच होते. शाळेत पोरांना असंच उभं करायच्या, ते आठवून त्यांना मध्येच हसू आलं, आणि मग डोळेही भरून आले. चारदा सुरुवात केली. चारही वेळा वाक्य अर्ध्यावर अडकलं.

नेमका तेव्हाच पडदा सरकला. विजयाबाई! मंदाताईंच्या कॉलनीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. हातात ब्लाउज, कपाळावर आठी.

"सुनंदा, ही बाही बघ, हात जात नाही... अगंबाई! मंदाताई, हात वर कशाला? पोलिसांनी पकडलंय का काय?"

सुनंदा काही तरी सारवासारव करणार, तेवढ्यात मंदाताई बोलल्या. हात वर असतानाच, फळ्यासमोर उभं राहून बोलावं तशा, स्पष्ट.

"माझा एक स्तन काढलाय. चार वर्षं झाली. कॅन्सर होता. त्या जागी पॅड घालते. एअरपोर्टवर ते सांगायचं आहे, त्याची प्रॅक्टिस करते आहे."

विजयाबाईंनी हातातला ब्लाउज टेबलावर ठेवला.

"आता बरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"मग झालं तर." विजयाबाईंनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरून खाली घेतले. "किती वेळ वर धरायचे? खांदे दुखतील. आणि चार वर्षं सांगितलं नाही होय? मी रोज दारावरून जायची, एखादा डबा तरी आणला असता." मग सुनंदाकडे वळून, "आधी यांचं शिव. माझी बाही थांबेल."

आभाळ कोसळलं नाही. मंदाताई स्टुलावर बसून रडल्या आणि वरून चहाही प्यायल्या. सुनंदाने पॅड त्यांच्यासमोरच भरलं. आत फक्त मोहरी. शिवण घालण्याआधी मंदाताईंनी स्वतः बोट घालून तपासलं आणि मान हलवली. "ती ओटी घरात देवापाशी ठेवते," त्या म्हणाल्या. सुनंदाने सुईत दोरा ओवला.

गुरुवारी सुनंदाचं कामात लक्ष नव्हतं. एक गळा उलटा कापला, दोनदा दोरा तुटला. दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला.

"झालं!" मंदाताई म्हणाल्या. मागे कसल्या तरी घोषणा चालल्या होत्या. "मशीनच्या आधीच सांगितलं. जरा जोरातच बोलली गेली मी, मागच्या लोकांनी पण ऐकलं असेल. ऐकू दे. आत नेलं, वरूनच हात लावून बघितलं, बस. बाहेर आली तर बघते काय, मागे एक बाई उभी. आपल्यापेक्षा लहान, बरोबर कुणी नाही. तिने ऐकलं होतं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, मेरा भी. पण पुढे तिचा आवाजच निघेना."

"मग?"

"मग काय, तिच्याकडून मीच सांगितलं त्या मुलीला. आता ती आत आहे आणि मी बाहेर थांबली आहे. घाबरली होती बिचारी... आली बघ. ठेवते हं."

पण फोन बंद करायचं त्या विसरल्या. सुनंदाने तो कानापासून काढला नाही. पलीकडे पावलं वाजली, कुणी तरी नाक ओढलं, आणि मग मंदाताईंचा आवाज आला, "चाय लेंगी आप? अभी टाइम है."