हितेशचं बदललेलं रक्त

"बघा रे, डोळे फाडून बघा!" बुधाजी भगताने दोन कागद उंच धरले. "आजाराआधी पोराचा रक्तगट बी. आता ओ! माणसाचं रक्त कधी बदलतं? अंगात दुसरं कोनी शिरलं तरच!"

कोकिळाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मिठागरावरची माणसं काम टाकून आली होती, हात जोडून उभी होती. कागद खरे होते, हेच माझं दुखणं. मी इथल्या उपकेंद्रातली नर्स. अठ्ठावीस वर्षांत करणी, उतारे, भानामती बघून बघून जीव विटलाय. पण खऱ्या कागदांवर उभा केलेला खोटेपणा पहिल्यांदाच बघत होते.

कोकिळाचा मुलगा हितेश. त्याला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईत डॉक्टरांनी जालीम औषधांनी त्याच्या हाडांतली मज्जा जाळून टाकली आणि त्याच्या बहिणीच्या, प्राप्तीच्या, मज्जेतल्या पेशी त्याला दिल्या. पोरगा वाचला. चौथ्या महिन्यात मात्र तळहात-तळपाय लाल झाले, अंगभर पुरळ उठलं, तोंड आलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या. दुसऱ्याच दिवशी भगत दारात हजर.

"बहिणीच्या सासरचा देव रक्तातून आत आलाय. गोळ्या बंद! माझा अंगारा सकाळ-सांज द्यायचा. आन् बहिणीने उंबरठा ओलांडायचा न्हाय!"

बारा दिवसांत पुरळ उतरलं. मग काय, जिकडेतिकडे भगताचाच जयजयकार. प्राप्ती सासरहून, मुरुडहून एसटी बदलून यायची आणि फाटकाबाहेरूनच भावाला बघून परत जायची. आत्ताही ती तिथेच उभी होती, डोळे पुसत.

"आता शेवटचं काम," भगत म्हणाला. "कोकिळा, उरलेल्या गोळ्या आण. खाडीत सोडू. आन् सगळ्यांसमोर बोल, पोरीशी नातं तोडलं म्हणून."

मी पुढे झाले. "कोकिळा, गोळ्या अशाच बंद ठेवल्यास तर पोर हातचं जाईल गं!"

"गप बसा, सिस्टर," भगत हसला. "पुरळ अंगाऱ्यानं उतरलं. गाव साक्षीला हाय."

कोकिळा मुकाट्याने आत गेली. बाहेर आली ती तांदळाचा डबा घेऊन, आणि तिने तो ओट्यावर उपडा केला. तांदळाबरोबर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडल्या.

"एक गोळी चुकवली न्हाय मी," ती म्हणाली. "रोज पेजेबरोबर दिली. भगताची भीती वाटली, तुमची सगळ्यांची वाटली, म्हणून बोलले न्हाय. अंगारा शेवग्याच्या बुडात टाकला. पोराच्या जिभेला चिमूटभर लागलेला न्हाय."

"म्हंजे शेवग्याचं पुरळ गेलं की रं!" रावजी म्हातारा ओरडला. सगळं अंगण हसलं.

भगताने पुन्हा कागद फडफडवले. "मग रक्त कसं बदललं, ते सांगा!"

"सांगते बाबा," मी म्हणाले. "कंटाळा आलाय, तरी सांगते. रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं. हितेशची मज्जा गेली, प्राप्तीच्या पेशी तिथे रुजल्या. आता रक्त त्याच बनवतात, म्हणून गटही तिचाच. हे व्हायचंच होतं. तिच्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. परकं दिसेल त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. भावाबहिणीचं कितीही जुळलं, तरी त्यांना हितेशची कातडी परकी वाटली. म्हणून पुरळ. गोळ्या त्यांना आवरतात. आणि त्याच पेशी उरलासुरला कर्करोगही हुडकून मारतात. जिला तुम्ही फाटकाबाहेर उभी केलीत, तिच्याच जिवावर तो जगतोय!"

भगत कधी सटकला ते कळलंच नाही. उद्या पुढच्या गावात अंगारा वाटत बसेल, मला ठाऊक आहे.

"एकच मागते," मी म्हणाले. "औषध बंद करा असं कोणीही सांगितलं, की आधी डॉक्टरला विचारा. आणि ज्या गावात आईला औषध चोरून द्यावं लागतं, त्या गावाने जरा लाज बाळगावी."

कोकिळा फाटकाकडे गेली. "ये गं आत. माझं चुकलं."

प्राप्ती धावतच आली. मी तिला ओट्यावर अडवलं.

"आधी मास्क लाव, साबणाने हात धू. त्याला जंतूंपासून जपायचंय, देवापासून नाही."