झोपलेल्या भागाचा नकाशा

बाप पेशंट आणि लेक त्याच्या किरणांचा प्लॅन काढणारी, असं व्हायला नको होतं. पण त्या हॉस्पिटलात हे काम येणारी ती एकटीच. आणखी एक माणूस नेमा म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून लागून तिच्या तोंडाला फेस आला होता. नवी लिफ्ट आली, गुळगुळीत फरशी आली. माणूस काही आला नाही.

बाप शाळेत खेळाचा मास्तर. रिटायर झाला तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. आता उजव्या फुप्फुसात, खालच्या भागाला हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडाशीच कॅन्सरची गाठ ठाण मांडून बसली होती, आणि अर्धा जिना चढला की मास्तर भिंत धरायचा.

तिनं त्याला स्कॅनचा पडदा दाखवला.

"हे बघा बाबा. तुम्हाला तो वायू ओढायला लावला ना, तो जिथं पोचला तिथं केशरी दिसतंय. नाही पोचला तिथं काळं. गाठीवर किरण मारायचे म्हणजे ते वाटेतलं भाजत जाणारच. पूर्वी आम्ही आंधळ्यासारखे घुसायचो. आता काळ्यातून घुसायचं, चालणारं वाचवायचं."

"आणि हा खालचा अख्खा काळा?"

"तो गेला. मेलेल्याला काय भाजणार?"

"मेला म्हणू नकोस गं. माझ्या रांगेत शेवटी अशी पोरं असायची. मेलेली नसायची, झोपलेली असायची."

"इथं मास्तर मी आहे. गप बसा."

"बरं मॅडम," म्हणत त्यानं स्वतःचे कान धरले.

किरण सुरू झाले. रोज थोडे, आठवडेच्या आठवडे. प्लॅन बघून मोठे डॉक्टर झकास म्हणाले होते. तिलाही तो झकासच वाटला होता.

एका रविवारी मास्तर बाहेरून आला, जिना न थांबता चढला आणि दारात उभं राहून त्यानं शिट्टी फुंकली. लांबलचक, खणखणीत. खाली कुत्री भुंकायला लागली. आईच्या हातातलं पातेलं पडलं.

"अहो, कान फुटतील की!" आई ओरडली आणि तिथंच रडायला लागली. "बघ गं, बघ! हाताला गुण आहे तुझ्या!"

लेक थिजली. एवढा श्वास आला कुठून?

गाठ आकसली होती. नळी उघडली होती. खालचा भाग जागा झाला होता. आणि तिचे किरण रोज नेमके त्याच्याच छाताडावरून जात होते, कारण तिनंच त्यांना सांगितलं होतं, इकडून या, इथं कोणी राहत नाही.

असं होऊ शकतं हे ती शिकली होती. पण हॉस्पिटलचा नियम होता, हा स्कॅन सुरुवातीला एकदाच, मधे नाही. तिनं तो मुकाट मानला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं बापाला मशीनवर घेऊ दिलं नाही. मोठे डॉक्टर खवळले.

"पेशंटला बरं वाटतंय आणि तू उपचार थांबवतेस?"

"बरं वाटतंय म्हणूनच थांबवतेय. पुन्हा स्कॅन करायचाय."

"रांग केवढी आहे माहितीय ना? हा काय हौसेचा फोटो आहे, दोनदोनदा काढायला?"

"तुमचा बाप असता तर?"

डॉक्टर म्हणाले, "कर." लाज आणायला मधे कुणाचा तरी बाप घालावा लागतो, ही त्या इमारतीची लायकी.

खालचा भाग केशरी आला. फिकट, नुकता पेटल्यासारखा. तिनं नवा प्लॅन काढला, किरण दुसरीकडून वळवले. पण निम्म्याहून जास्त मात्रा त्या भागानं आधीच गिळली होती, आणि एकदा दिलेले किरण कुणाच्या बापाला परत घेता येत नाहीत.

काही महिन्यांनी खोकला आला, मग ताप, मग ऑक्सिजनची नळी. भाजलेलं फुप्फुस सुजलं आणि चामड्यासारखं आक्रसलं. गाठ मात्र गेली होती. रिपोर्टात उपचार यशस्वी म्हणून लिहिलं होतं. यशस्वी माणूस पलंगाच्या कडेला बसून हवेसाठी तोंड वासत होता.

"झोपला... का गं... परत?" त्यानं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. आईनं डोळ्यांनी तेच विनवलं.

"नाही बाबा. मेला. जागा झाला होता तो. मी मारला."

बोलायला त्याला आधी हवा गोळा करावी लागली.

"शिट्टी ऐकून... थांबलीस ना?"

"दुसऱ्या दिवशी थांबले."

"माझी पोरं... तेवढीही... थांबायची नाहीत."

तिला हसू आलं नाही. त्यानं गळ्यातली शिट्टी उचलून ओठांत धरली, तिच्याकडे बघत गाल फुगवले. बरगड्या वर आल्या, मानेच्या शिरा ताठल्या. शिट्टीतली गोळी हललीसुद्धा नाही. तो पुन्हा फुंकायला लागला.

"ऐकू आली हो," आई म्हणाली आणि तिनं हलकेच शिट्टी त्याच्या ओठांतून काढून घेतली. "ऐकू आली."