एकोणीस नावांखालचा पाइप

तीनदा हाक मारली तरी चिऊ उठेना. खालच्या खोलीत फरशीवरच्या पातळ गादीवर ती पालथी पडली होती, लाकडी चमचा हातातून सुटलेला. उचललं तर तिची मान माझ्या खांद्यावर ओल्या टॉवेलसारखी पडली. तीन पायऱ्या चढून अंगणात कशी आले, मला आठवत नाही. तिची पाठ चोळत राहिले. शेवटी तिनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं, तेव्हा कुठे मी पायरीवर टेकले.

सासूबाई आतून आल्या. "झोपलेल्या पोराला उठवून रडवायचं आणि मग आपणच घाबरायचं. काय बाई तुझी तऱ्हा."

"आई, ती झोपली नव्हती."

"मग काय करत होती?"

दोन महिन्यांतली ही चौथी वेळ. मी कॅलेंडरच्या मागे तारखा लिहून ठेवत होते. चारही दिवशी आभाळ दाटलेलं, हवा कोंदलेली. फरशीवर बसून तिला भरवताना माझंही डोकं जड व्हायचं, उभी राहिले की उतरायचं. डॉक्टर म्हणाले, दात येतायत. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला दोरीचासुद्धा साप दिसतो. नवरा दुसऱ्या गावी कामाला, फोनवर म्हणाला, आईला विचार.

आज मी सासऱ्यांना विचारलं. तीस वर्षं त्यांनी खाणीत छताला लाकडी टेकू लावले. खाण बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी कपाटातला, खाणीतली हवा तपासायचा जाळीचा दिवा दर आठवड्याला पुसतात.

"बाबा, तुमचा दिवा द्या. खालच्या खोलीत न्यायचाय."

"वीज आहे की तिथे."

"मला उजेड नकोय."

त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग दिवा पेटवला आणि खाली गेले. मी दारातून बघत होते. छातीशी ज्योत सरळ होती. गुडघ्याशी ती बारीक झाली. फरशीपासून वीतभर उंचीवर विझली.

ते सरळ उभे राहिले. "मेली हवा," म्हणाले. "जड असते, तळाला बसते. उभ्या माणसाला कळत नाही."

"आणि रांगणाऱ्याला?"

ते वर आले आणि दार ओढून घेतलं.

"घर पन्नास वर्षांचं आहे," मी म्हटलं. "मग दोन महिन्यांपूर्वी असं काय बदललं?"

काय बदललं ते दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या घरांच्या ओळीमागच्या मोकळ्या जागेत, खाणीत हवा खेळवणाऱ्या जुन्या विहिरीतून एक गंजका लोखंडी पाइप पुरुषभर वर आलेला होता. खाण बंद करणारे साहेब सांगून गेले होते, याला हात लावू नका. पण त्याच जागी खाली खाणीचं छत कोसळून एकोणीस माणसं राहिली होती, कधीच वर न आलेली. त्यांच्या डोक्यावरच्या पाइपात पोरं दगड टाकतात, कुत्री तंगडी वर करतात, हे निवृत्त खाणकामगारांना बघवेना. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी पाइप कापला, वर काँक्रीट ओतलं, कोळसा वाहायचा चाकांचा डबा बसवला, समोर नावांची पाटी. माल बाबांनीच कालवला. पाटीवर तिसरं नाव सासूबाईंच्या भावाचं.

आभाळ दाटलं की बंद खाण श्वास सोडते आणि वाट बुजवली तर तो घरांत शिरतो, हे त्यातल्या प्रत्येकाला जन्मभर ठाऊक होतं. पण मेलेल्यावर पांघरूण घालताना कोण विचार करतं?

बाबा पहार घेऊन निघाले. चिऊला कडेवर घेऊन मी मागोमाग. शेजारचे फिटरकाका, स्मारक समितीचे अध्यक्ष, बनियनवरच आडवे आले.

"डोकं फिरलंय का तुझं? पाटीला पहार लावतोस?"

"पाइप पाटीमागेच आहे."

"रविवारी बैठक घेऊ. ठराव करू. सूनबाईंच्या हट्टापायी एकोणीस घरांना काय तोंड दाखवणार आहेस?"

बाबांचा हात थांबला. फिटरकाकांनी दारोदार फिरून ही पाटी उभी केली होती, ते मी पाहिलं होतं. वर आभाळ काळं होत चाललं होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं.

"काका," मी विचारलं, "काकू कुठे आहेत?"

"तिचं काय मध्येच? खालच्या खोलीत पडलीय, सकाळपासून डोकं..."

वाक्य तिथंच तुटलं. ते धावले, बाबा त्यांच्या मागे. "वाकायच्या आधी श्वास रोख, मग उचल तिला," बाबांचं ओरडणं ऐकू येत होतं. मी चिऊला इतकं घट्ट धरलं की ती चिडून माझे केस ओढायला लागली. ते दोघं काकूंना बाहेर घेऊन आले तेव्हा काकूंचे ओठ निळसर झाले होते. पायरीवर बसवल्या, दोनदा ओकल्या, मग म्हणाल्या, "असं फरफटत आणतात का? चप्पल आत राहिली माझी."

फिटरकाका काकूंच्या पायाशी बसून राहिले. मग उठले. "पहारीनं पाटी फुटेल," ते बाबांना म्हणाले. "थांब, पाना आणतो. चारही बोल्ट मीच आवळलेत."

पण पाटीसमोर आता सासूबाई उभ्या होत्या.

"पोर खरंच गेली असती?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो."

"आणि तो दिवा तुम्ही आधी का नाही नेलात?"

सासूबाई वळल्या. तिसऱ्या नावावरची धूळ तळहातानं पुसली आणि बाजूला झाल्या. "सावकाश काढा. कोपरा उडवू नका."

डबा ढकलून बाजूला केल्यावर काँक्रीट फुटायला तास लागला. भोक पडलं तेव्हा आवाज काही झाला नाही, नुसती धूळ बाहेर उडाली आणि उडतच राहिली. बाबांनी सगळ्यांना मागे ढकललं. नवा पाइप उद्या मी बसवतो, पुरुषभर नाही, दोन पुरुष उंच, असं फिटरकाका म्हणाले. तोवर ओळीतल्या नऊही घरांच्या खालच्या खोल्या बंद. ते सांगायला सासूबाई स्वतः दारोदार गेल्या. माझं नाव घेऊन सांगत होत्या, म्हणजे मी चुकले असते तर शिव्या मलाच.

पाटी ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून चौघांनी ती आमच्या वरच्या खोलीत आणून भिंतीला टेकवली. चिऊ रांगत गेली, कड धरून उभी राहिली आणि अक्षरांच्या खाचांत बोट घालू लागली.

"ते मामाआजोबा आहेत तुझे," सासूबाई म्हणाल्या. "नखं लावू नकोस."

"आई, पाटी पडेल."

"अगं, चौघांना उचलवली नाही धड. तिच्यानं काय पडणार?"

तरी मी पुढे बसले आणि एक हात पाटीवर दाबून धरला.