पाणी भरण्याच्या कामाचे दोन सवाल

प्लेगनं मंचरात दुसऱ्यांदा माणसं नेली, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवरा त्यातच गेला. पदरात पाच महिन्यांचा मुलगा. सासरे कुशाबा मनानं वाईट नव्हते, पण घरात खाणारी तोंडं सात आणि ज्वारीची कणगी तळाला लागलेली. त्यांनी सांगून टाकलं, "काम मिळालं तर ऱ्हा. न्हाईतर सयाजीसंगं म्हायेरी आळ्याला जा. पोरगं आमचं हाय, ते हितंच ऱ्हाईल."

सयाजी म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गाडी घेऊन आलाच होता. ऊन कललं की निघायचं, असं ठरलं होतं.

त्याच दिवशी मिश्रीलाल शेटजींच्या घरी पाणी भरायला बाई हवी आहे असं कळलं. मी मुलाला सासूजवळ दिलं आणि निघाले. शेटजींच्या आई मोहनबाई ओसरीवर बसून एकेकीला आत बोलवत होत्या. बाहेर आम्ही अकरा जणी. त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्याच, कोऱ्या कपाळाच्या. आत गेलेली घडीभरात परत येई.

आमच्या आळीतली बयाबाई बाहेर आली ती हसतच. "पडले बाई चाळणीतनं खाली! दोन सवाल इचारती म्हातारी, आन् लगेच वाट दावती."

"सवाल कशाला?" मी विचारलं. "घागर उचलता येती का, येवढंच बघावं की."

"घागर समद्याच उचलत्यात. अकरा जणींना येक येक दिस ठिवून बघंल व्हय ती? म्हून दारातच इचारती." मग तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "पाणी गाळल्यावर फडक्यात ऱ्हातं, त्याचं काय करनार, म्हनती. मी म्हनलं, झटकीन दगडावर. झालं! त्या जैनांच्यात फडक्यातला गाळ म्हंजी जीव असतो गं. ज्या इहिरीचं पानी, त्याच इहिरीत परत सोडायचा. आन् दुसरं, अंगावर पितं पोर हाय का? न्हाई म्हन. पोरवालीला कोन ठिवतंय?"

मी दोन्ही उत्तरं मनात घोकत उभी राहिले. पुढच्या बायका एकेक करून परत गेल्या. सावली उंबऱ्यापर्यंत आली. मुलाची प्यायची वेळ टळून गेली होती. छाती दगडासारखी झाली होती.

माझी पाळी आली. मोहनबाई लहानखुऱ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, गुडघ्यांवर गरम कापड गुंडाळलेलं.

"पाणी गाळलं. फडक्यात राहिलं त्याचं काय करशील?"

"त्याच इहिरीत परत सोडीन, बाई."

त्यांनी मान वर केली. "कसं सोडशील?"

हे 'कसं' बयाबाईनं सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "वरनं... टाकीन."

"पाच पुरुष खोल विहीर. वरून टाकलंस तर जीव वाचतील?"

त्यांनी मला जा म्हटलं नाही. दुसरा सवाल विचारला, "अंगावर पितं मूल आहे?"

"न्हाई."

आणि त्याच वेळी आतल्या खोलीत शेटजींचं नातवंड रडलं. माझ्या अंगातून सरसरून गेलं. मी पदर घट्ट ओढला, पण चोळी भिजली ती भिजलीच. मोहनबाई बघत होत्या. मला वाटलं, आता गाडीत बसायचं, आणि मागं माझा मुलगा रडत राहणार.

"किती महिन्यांचं?"

"पाच," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "काम न्हाई मिळालं तर त्याला हितंच ठिवून जावं लागंल, बाई. म्हून खोटं बोलले."

"अगं, मूल असलं तर दुपारच्या खेपा दुसरीला सांगायच्या, म्हणून विचारते मी ते. पहिल्या सवालाचंही तसंच. ठाऊक नाही म्हणाली असतीस तर शिकवलं असतं. पोहऱ्यात घालून पाण्याला टेकेपर्यंत सोडायचं, मग कलंडवायचं. काय अवघड आहे?"

"आता शिकवा. मी तसंच करीन."

"करशील. पण माझे गुडघे गेले. विहिरीवर तू काय केलंस ते मला कोण सांगणार? तूच ना?"

मी पदर सावरून दाराकडे वळले.

मग मोहनबाई कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उद्यापासून इथं माझ्यासमोर बसून धान्य निवडायचं. मूल घेऊन ये. आता आधी जाऊन पाज त्याला."

मी पेठेतून पळत घरी गेले, ते सगळं मंचर बघत होतं.

अकरा वर्षं त्या ओसरीवर मी गहू, तूर, मूग निवडले. माझा मुलगा तिथंच रांगला. शेवटी शेवटी मोहनबाई घरच्या किल्ल्याही माझ्याकडे देत. पाण्याचं काम मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.